घोड्यावरचं वजन आणि शर्यतीचा निकाल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महालक्ष्मी आणि पुण्याच्या शर्यती बघणाऱ्यांकडून वजनाविषयी तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. आधी साध्या गोष्टी, मग हिशेब, मग अडनिडे अपवाद. एका उत्तरात दुसरा विषय निघाला तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. सगळे हिशेब सपाट शर्यतींचे आहेत. अडथळ्यांची शर्यत फक्त प्रश्न ७ मध्ये येते, कारण ते उदाहरण टाळण्यासारखं नाही.

१. रेसकार्डावर घोड्याच्या नावासमोर ५६.५ लिहिलेलं असतं. हे वजन घोड्याचं की जॉकीचं?

दोघांचंही नाही. त्या घोड्यानं त्या शर्यतीत पाठीवर घेऊन धावायचं ते एकूण वजन. जॉकी, त्याचे कपडे-बूट, सॅडल आणि त्याखालची कापडं, आणि एवढं करून कमी पडलं तर शिसं, असं सगळं मिळून ५६.५ किलो भरलं पाहिजे. जॉकी ५१ किलोचा आणि सामान दोन किलोचं असेल तर उरलेलं साडेतीन किलो शिसं. घोडा स्वतः साधारण ४५० ते ५५० किलोचा असतो. तो आकडा वेगळा (प्रश्न १५ पाहा).

२. काट्यावर काय काय मोजतात आणि काय सोडतात?

जॉकी सॅडल हातात घेऊन काट्यावर बसतो किंवा उभा राहतो. सॅडल, तंग (सॅडल पोटाखालून आवळायचा पट्टा), वेट क्लॉथ (शिशासाठी कप्पे असलेलं कापड), पॅड हे धरलं जातं. चाबूक, लगाम, नाल, घोड्याच्या पायाच्या पट्ट्या आणि हेल्मेट धरत नाहीत. ही इंग्लंडच्या नियमांतून आलेली परंपरा आहे आणि आपल्याकडेही तीच चालते. म्हणजे घोडा प्रत्यक्षात कार्डावरच्या आकड्यापेक्षा किलोभर जास्तच वाहतो. सगळेच तसं वाहतात, त्यामुळे तुलनेत फरक पडत नाही.

३. प्रत्येक घोड्याला वेगळं वजन कशासाठी? सगळ्यांना सारखं दिलं तर?

सारखं दिलं तर चांगला घोडा जिंकत राहील, बाकीचे मालक घोडे उतरवणार नाहीत आणि शर्यतीत चारच घोडे उरतील. म्हणून हँडिकॅप. हँडिकॅपर प्रत्येक घोड्याला त्याच्या कामगिरीवरून रेटिंग देतो आणि रेटिंगप्रमाणे वजन ठरतं. आपल्याकडे रेटिंगचा एक गुण म्हणजे अर्धा किलो. ६० रेटिंगच्या घोड्याला ५९ किलो मिळालं असेल तर ५२ रेटिंगच्या घोड्याला ५५.

दुसरा प्रकार टर्म्सच्या शर्यतींचा. तिथे वजन रेटिंगवर ठरत नाही. वय, नर की मादी, आधीची बक्षिसं असल्या ठरलेल्या अटींवर ठरतं. इंडियन डर्बी ही त्याचीच टोकाची तऱ्हा. २४०० मीटर, चार वर्षांचे घोडे, नरांना ५७ किलो, माद्यांना ५५.५. तिथे कोण किती सरस हे उघडं पडावं असाच हेतू असतो. हँडिकॅपमध्ये हेतू नेमका उलटा असतो. एखादा घोडा टर्म्समध्ये तिसरा आला आणि पुढच्या महिन्यात हँडिकॅपमध्ये जिंकला, तर त्यात नवल काही नाही. दोन वेगळ्या परीक्षा आहेत.

४. पण अर्ध्या टनाच्या जनावराला दोन किलोनं काय होतं? खरंच फरक पडतो का?

पडतो. थोडा पडतो, पण पडतो. हिशेब असा. घोडा ५०० किलो, त्यावर ५७ किलो, एकूण ५५७. त्यात एक किलो वाढला म्हणजे पळवायचं एकूण वस्तुमान सुमारे ०.१८ टक्क्यानं वाढलं. गेटमधून सुटताना वेग घेण्यासाठी, प्रत्येक ढांगेत अंग वर उचलण्यासाठी आणि वळणावर तोल धरण्यासाठी तेवढी जास्त ताकद लागते. वेग तेवढ्याच प्रमाणात घटला असं धरलं, तर २४०० मीटरमध्ये ०.१८ टक्के म्हणजे सव्वाचार मीटर. घोड्याची एक लेंग्थ सुमारे २.४ मीटरची. म्हणजे पावणेदोन लेंग्थ.

हा झाला वरच्या टोकाचा अंदाज. घोड्याची सगळी ताकद वजन हलवण्यात जात नाही. ताशी ६० किलोमीटरच्या वेगाला वाऱ्याचा अडथळा मोठा असतो आणि तो वजनाबरोबर वाढत नाही. खरा परिणाम त्यामुळे थोडा कमीच असणार. तरी फोटो-फिनिशमध्ये नाकाच्या टोकावर निकाल लागतो तिथे अर्धी लेंग्थसुद्धा पुष्कळ झाली.

५. एक किलो म्हणजे किती लेंग्थ, असं ठोक सांगता येईल का?

हँडिकॅपरांचं जुनं इंग्लिश कोष्टक पौंडांत आहे आणि ते अंतरावर अवलंबून असतं. पाच फर्लांगांना एका लेंग्थला तीन पौंड, एका मैलाला दोन, दीड मैलाला दीड, दोन मैलांना एक. आपल्या मापात ते असं बसतं: एक किलोचा फरक १००० मीटरला पाऊण लेंग्थपेक्षा किंचित कमी, १६०० मीटरला एक लेंग्थ आणि थोडं वर, २४०० मीटरला दीड लेंग्थ, ३२०० मीटरला दोन लेंग्थपेक्षा जरा जास्त.

प्रश्न ४ मधला टक्केवारीचा हिशेब याच अंतरांना लावून पाहा. आकडे जवळजवळ तेच येतात, कणभर जास्त. फॉर्म्युला माहीत नसलेल्या माणसांनी नुसत्या निरीक्षणावर हे कोष्टक बसवलं, याचं कौतुक वाटतं.

वापरायचं कसं? समजा १६०० मीटरला ‘अ’नं ‘ब’ला दोन लेंग्थनं हरवलं, दोघांवर ५६ किलो होते. आता त्याच अंतरावर ‘अ’वर ५८.५ आणि ‘ब’वर ५५. फरक साडेतीन किलोचा, म्हणजे पावणेचार-चार लेंग्थ. त्यातून मागच्या दोन वजा केल्या तर कागदावर ‘ब’ पावणेदोन-दोन लेंग्थनं पुढे. हे कागदावरचं झालं. मागच्या वेळी ‘अ’च्या जॉकीनं शेवटच्या शंभर मीटरला हात सैल सोडला असेल, तर ते दोन लेंग्थचं अंतर खोटं आणि पुढचा सगळा हिशेबही खोटा. जिंकलेल्या घोड्याचं अंतर घेण्याआधी शर्यतीची फिल्म बघा.

६. वजनानं घोडा मंदावतो, तर टॉप वेटवाले, म्हणजे सगळ्यात जड वजनाचे, घोडेच जास्त जिंकताना का दिसतात?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त चुकीचं उत्तर दिला जाणारा प्रश्न. ‘म्हणजे वजनाचा परिणामच होत नाही’ असा निष्कर्ष लोक काढतात. तो चूक आहे.

वजन चिठ्ठ्या टाकून वाटत नाहीत. चांगल्या घोड्याला चांगला म्हणूनच जास्त वजन मिळतं. त्यामुळे वजन आणि विजय यांची नुसती बेरीज-वजाबाकी केली, तर मोजला जातो तो घोड्याचा दर्जा. वजनाचा परिणाम त्याखाली झाकला जातो. वजनाचा परिणाम बघायचा तर विचार असा करावा लागतो: हाच घोडा, हेच अंतर, हाच ट्रॅक, आणि पाच किलो कमी असते तर?

टॉप वेटवाले थोडे जास्त जिंकतात याची आणखीही कारणं आहेत. पहिलं, प्रश्न ४ मध्ये पाहिल्याप्रमाणे वजनाचा खरा परिणाम कोष्टकापेक्षा थोडा कमी असावा. मग दोन लेंग्थच्या सरसपणाबद्दल लादलेलं वजन दोन लेंग्थ पुरी भरून काढत नाही, आणि चांगला घोडा किंचित पुढेच राहतो. दुसरं, प्रगती करणाऱ्या घोड्याच्या मागे रेटिंग नेहमी एक पाऊल उशिरा धावतं. हँडिकॅपर मागची शर्यत बघून गुण वाढवतो, घोडा तोवर आणखी सुधारलेला असतो. तिसरं, तळाच्या वजनाचे कितीतरी घोडे थकलेले, दुखापतीतून परतलेले किंवा अंतर न मानवणारे असतात. त्यांच्यावरचे दहा किलो उतरवले तरी ते आजार जात नाहीत.

थोडक्यात, कार्डावरचं जड वजन आधी घोड्याचं प्रशस्तिपत्र म्हणून वाचा, मग ओझं म्हणून.

७. वजनानंच निकाल फिरला असं ठळक उदाहरण आहे का?

सगळ्यात स्वच्छ उदाहरण १९७३ सालचं, इंग्लंडचं. एन्ट्री (Aintree) रेसकोर्सवरच्या ग्रँड नॅशनल या अडथळ्यांच्या शर्यतीत क्रिस्पवर १२ स्टोन, म्हणजे ७६ किलो, आणि रेड रमवर १० स्टोन ५ पौंड, म्हणजे ६६ किलोला थोडं कमी. सात किलोमीटरहून लांब शर्यत. शेवटच्या अडथळ्यावर क्रिस्प बराच पुढे होता. त्यानंतरच्या सपाट टप्प्यात त्याचे पाय अक्षरशः डगमगले आणि रेड रमनं त्याला गाठून पाऊण लेंग्थनं हरवलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात डॉनकॅस्टरला दोघं सारख्या वजनावर भिडले. क्रिस्प आठ लेंग्थनं जिंकला.

दहा किलोंनी निकाल उलटला हे खरं. पण दोन शर्यतींमधली तफावत मिळून नऊ लेंग्थच्या आसपास भरते, आणि पौंडाला एक लेंग्थ हे लांब पल्ल्याचं कोष्टक २३ पौंडांना (हेच ते दहा किलो) २३ लेंग्थ मागतं. अंतर, अडथळे, जमीन सगळंच निराळं होतं, त्यामुळे यातून नवा नियम काढता येत नाही. कोष्टक अचूक काटा नाही, एवढं मात्र दिसतं.

ऑस्ट्रेलियाच्या मेलबर्न कपमध्ये दोन्ही बाजूंचे दाखले मिळतात. फार लॅपनं १९३० साली ६२.५ किलो घेऊन कप जिंकला. पुढच्या वर्षी त्याच्यावर ६८ किलो लादले आणि तो आठवा आला. उलट कार्बाइननं १८९० मध्ये ६६ किलो घेऊन ३९ घोड्यांत अडीच लेंग्थनं बाजी मारली, तीही त्या वेळच्या विक्रमी वेळात. दुसऱ्या आलेल्या हायबॉर्नला त्यानं ५३ पौंडांची, म्हणजे २४ किलोंची सूट दिली होती. मकायबी दिवानं २००३, २००४ आणि २००५ असे सलग तीन कप जिंकले. वजन ५१, मग ५५.५, मग ५८. आणि अमेरिकेत डॉक्टर फेगरनं १९६८ मध्ये आर्लिंग्टनला सुमारे ६१ किलो घेऊन एक मैल १ मिनिट ३२.२ सेकंदांत काढला. पाठीवर ते वजन असताना विश्वविक्रम.

८. शिशाचं ‘मेलेलं’ वजन जॉकीच्या ‘जिवंत’ वजनापेक्षा वाईट, हे खरं का?

तर्क त्या बाजूनं आहे. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या संशोधकांनी २००९ मध्ये घोडा आणि जॉकी यांच्या हालचाली स्वतंत्र मोजल्या. घोड्याचं अंग प्रत्येक ढांगेत पुढे-मागे आणि वर-खाली झेपावतं. आखूड रिकिबीत वाकून उभा असलेला जॉकी गुडघे-घोटे दुमडत-उलगडत ही हालचाल स्वतः शोषून घेतो, आणि त्याचं शरीर जवळजवळ सरळ रेषेत पुढे जातं. घोडा त्याचा भार पेलतो, पण प्रत्येक ढांगेत त्याला झटका देऊन हलवत नाही. १९०० च्या सुमारास ही वाकलेली बैठक रूढ झाली आणि तेव्हा मोठ्या शर्यतींच्या वेळा पाच ते सात टक्क्यांनी सुधारल्या, असं त्यांनी दाखवलं.

शिसं सॅडलखाली घट्ट असतं. घोड्याच्या अंगाबरोबर ते प्रत्येक झटक्यात हलतं. म्हणून तेवढंच वजन शिशात असेल तर काम थोडं जास्त. पण यावरून हलक्या जॉकीला नाकारू नका. सहा किलो शिशासकट चढलेला पहिल्या फळीचा जॉकी शिशाशिवाय चढलेल्या बेताच्या जॉकीपेक्षा कधीही बरा. पाच टक्के जिथे बैठकीनं मिळतात, तिथे शिशाचा प्रश्न दशांशातला आहे.

९. शिसं भरतात कसं? आणि त्यात काय चुकतं?

आधी शिसं टाळायचा प्रयत्न करायचा. जॉकीकडे तीन-चार सॅडल असतात, सगळ्यात हलकं अर्ध्या किलोच्या आतबाहेर. वजन कमी पडत असेल तर आधी जड सॅडल घ्यायचं. त्याचा भार पसरून बसतो आणि मांडही चांगली बसते. तरी कमी पडलं तर वेट क्लॉथच्या कप्प्यांत शिशाच्या पट्ट्या. दोन्ही बाजूंना सारख्या, आणि भरायला सुरुवात पुढच्या कप्प्यांपासून.

घोड्यावर चढवण्याचा क्रम: न सरकणारं पॅड, त्यावर वेट क्लॉथ, मग नंबरचं कापड, मग सॅडल, तंग, आणि वरून सरसिंगल, म्हणजे सगळ्यावरून आवळायचा पट्टा. कापडं विदर्सच्या, म्हणजे मानेच्या बुडाच्या उंचवट्याच्या, वर बोटानं ओढून पोकळ ठेवायची. नाहीतर भरलेलं वेट क्लॉथ तिथेच ताणून बसतं आणि घोडा खांदे मोकळे टाकत नाही.

चुका ठरलेल्या आहेत. एका बाजूला एक पट्टी जास्त गेली की वळणावर सॅडल त्या बाजूला सरकतं. भार मागे गेला की तो कमरेवर येतो, आणि मागचे पाय पोटाखाली घ्यायला तिथेच मोकळीक लागते. कप्प्याची झडप नीट लावली नाही आणि पट्टी वाटेत पडली, तर पुढचं प्रश्न १० मध्ये. आणि तंग. सॅडल घालताना बरेच घोडे पोट फुगवतात. पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या आवारात, आवळलेला तंग गेटपाशी एक-दोन भोकं सैल निघतो. तिथे पुन्हा हात घालून बघायचं असतं, जड वेट क्लॉथ असेल तर विशेष.

१०. शर्यतीनंतर वजन कमी किंवा जास्त भरलं तर?

उतरल्यावर जॉकी स्वतः सॅडल काढून थेट काट्याकडे जातो. वाटेत कुणी त्याच्या सामानाला हात लावायचा नाही. क्लार्क ऑफ द स्केल्स वजन तपासतो. ठरलेल्यापेक्षा कमी भरलं आणि घट नियमातल्या सवलतीपेक्षा, जी सहसा अर्ध्या किलोच्या आसपास असते, जास्त असेल, तर घोडा बाद. कारण काहीही असो. जॉकीला काट्यावर जाता न येण्याइतकी इजा झाली, तर त्यासाठी वेगळी तरतूद असते.

जास्त भरलं तर सहसा घोड्याला धोका नाही. पुण्याच्या पावसात कपडे आणि कापडं भिजून वजन वाढतंच. मात्र शर्यतीआधीच जॉकीला ठरलेलं वजन जमत नसेल, तर ते जाहीर करावं लागतं आणि बोर्डावर लागतं. त्यालाही कमाल मर्यादा असते. निकाल अधिकृत झाल्याची घोषणा होईपर्यंत तिकीट फाडू नका, ते यासाठीच.

११. अॅप्रेंटिसची सवलत घेणं फायद्याचं का?

शिकाऊ जॉकीला त्याच्या विजयांच्या संख्येनुसार काही किलोंची सूट मिळते. इंग्लंडमध्ये सपाट शर्यतींत २० विजयांपर्यंत सात पौंड, ५० पर्यंत पाच आणि ९५ पर्यंत तीन. आपल्याकडेही पायऱ्या अशाच, आकडे क्लबगणिक पाहावेत. मोठ्या क्लासिक शर्यतींत ही सूट चालत नाही.

फायदा कुठे? सरळ स्वभावाच्या, पुढे राहून पळणाऱ्या घोड्याला, ज्याच्यावर भरपूर वजन आहे. तिथे तीन किलो म्हणजे १६०० मीटरला तीन लेंग्थची देणगी. तोटा कुठे? मागून येणाऱ्या, गर्दीतून वाट काढाव्या लागणाऱ्या घोड्याला. चुकीच्या क्षणी आतल्या कठड्याला अडकलं की त्याहून जास्त लेंग्थ जातात. सात-आठ घोड्यांची शर्यत असेल तर शिकाऊ चालतो. अठरा घोडे असतील तर दोनदा विचार करावा.

१२. माद्यांना आणि कमी वयाच्या घोड्यांना सूट का? ती पुरेशी असते का?

सर्वसाधारणपणे नर थोडे ताकदवान, म्हणून माद्यांना दीड किलोच्या आसपास सूट. वयाचं कोष्टक इंग्लंडच्या अॅडमिरल राउस यांनी १८५० च्या सुमारास बांधलं. तीन वर्षांचा घोडा अजून वाढत असतो. वर्षाच्या सुरुवातीला आणि लांब अंतराला त्याला जास्त सूट, वर्षअखेरीला आणि छोट्या अंतराला कमी.

पॅरिसच्या आर्क द त्रिओंफमध्ये हे स्वच्छ दिसतं. ऑक्टोबर, २४०० मीटर. मोठ्या घोड्यांना ५९.५ किलो, तीन वर्षांच्यांना ५६.५, माद्यांना आणखी दीड कमी. एनेबल २०१७ मध्ये तीन वर्षांची म्हणून ५५ किलो घेऊन जिंकली, आणि २०१८ मध्ये ५८ किलो घेऊन पुन्हा. दुसऱ्या वेळी अंतर फारच थोडं होतं आणि मागे होती ती ५५ किलोची तीन वर्षांची सी ऑफ क्लास. असामान्य मादी किंवा लवकर वाढलेला तीन वर्षांचा घोडा असेल तर ही सूट त्याला फुकटची मिळते. कोष्टक सरासरीसाठी असतं.

उत्तर गोलार्धातले तीन वर्षांचे घोडे मेलबर्न कपला गेले की वयाच्या हिशेबानं त्यांचं वजन बरंच खाली येतं. रिकिंडलिंग २०१७ मध्ये ५१.५ किलोवर आणि क्रॉस काउंटर २०१८ मध्ये ५१ किलोवर जिंकला.

१३. पावसात, मऊ ट्रॅकवर वजन जास्त बाधतं का?

जाणकारांचं मत हो, आणि ते पटण्यासारखं आहे. खूर खोल रुतला की प्रत्येक ढांगेत अंग जास्त उचलावं लागतं, आणि उचलण्याच्या कामात वजन सरळ मोजलं जातं. पेनेट्रोमीटरचा, म्हणजे ट्रॅकचा मऊपणा मोजणाऱ्या उपकरणाचा, आकडा वाढला की जड वजनाच्या घोड्याबद्दल थोडं सावध राहा. पण ट्रॅक मानवणं न मानवणं हा वजनापेक्षा कितीतरी मोठा भाग आहे. चिखलात रमणारा घोडा ६१ किलो घेऊनही चिखलाला बिचकणाऱ्या ५२ किलोवाल्याला मागे टाकतो.

१४. लहान चणीच्या घोड्याला जड वजन जास्त त्रास देतं ना?

प्रमाणात बघा. चार किलो जास्त म्हणजे ४३० किलोच्या घोड्याला ०.९३ टक्के, ५३० किलोच्याला ०.७५. फरक आहे, पण १६०० मीटरला तो एका लेंग्थच्या आसपास येतो, तेही जास्तीत जास्त. नुसत्या चणीवरून घोडा खोडून टाकू नका. त्यानं आधी ५९-६० किलो घेऊन कशी धाव घेतली होती ते मागच्या कार्डांत सापडतं. ते जास्त भरवशाचं.

१५. घोडा एका वेळी दहा लिटर पाणी पितो. मग हँडिकॅपर अर्ध्या-अर्ध्या किलोचा हिशेब कशाला करतो?

प्रश्न वाजवी आहे. पोटातलं पाणी आणि वैरण हेही वाहायचं वजनच. म्हणूनच शर्यतीच्या दिवशी वैरण आखडतात आणि शेवटच्या काही तासांत पाणी मोजून देतात. जपानमध्ये घोड्यांचं अंगवजन शर्यतीच्या दिवशीच जाहीर होतं. मागच्या शर्यतीपेक्षा चार-सहा किलो कमी-जास्त ही तिथे रोजची गोष्ट आहे.

पण तो बदल सगळ्यांच्या बाबतीत होतो आणि हँडिकॅपरच्या हातात नसतो. त्याच्या हातात फक्त पाठीवरचं वजन. शिवाय अंगवजन वाढलं ते स्नायूचं की चरबीचं की पोटातलं, यावर अर्थ बदलतो. स्नायू स्वतःचा भार स्वतः ओढतात, शिसं ओढत नाही. एका घोड्यात एकदम पंधरा-वीस किलोंचा फरक दिसला, तर मात्र तो वजनाच्या रकान्यापेक्षा महत्त्वाचा माना.

१६. नालांच्या वजनानं फरक पडतो का?

पाठीवरच्या वजनापेक्षा पायावरचं वजन कितीतरी महाग पडतं, कारण पाय प्रत्येक ढांगेत थांबतो आणि पुन्हा पुढे फेकला जातो. म्हणून शर्यतीला शंभरेक ग्रॅमची अॅल्युमिनियमची नाल, सरावाला तिच्या दोन-तीनपट जड पोलादी. कार्डावर नालांच्या रकान्यात ‘ए’ आणि ‘एस’ असतं ते हेच. मागच्या वेळी ‘एस’ होता आणि आज ‘ए’ असेल, तर नोंद घ्या.

१७. रेटिंगप्रमाणे ४६ किलो बसतात, पण घोड्यावर ४९ आहेत. असं कसं?

शर्यतीला किमान वजन ठरलेलं असतं, त्याखाली कुणाला उतरवत नाहीत. रेटिंग फारच खाली असेल तर घोडा ‘हँडिकॅपच्या बाहेर’ धावतो, म्हणजे त्याच्या लायकीपेक्षा तीन किलो जास्त घेऊन. कार्डावर तो सगळ्यात हलका दिसतो आणि नवखे त्यालाच हेरतात. प्रत्यक्षात त्या शर्यतीत त्याच्याइतकी वाईट वागणूक दुसऱ्या कुणालाच मिळालेली नसते.

याच्या उलट प्रकार: वरचे घोडे मागे घेतले गेले आणि उरलेल्यांत सगळ्यात जास्त वजन ठरलेल्या पातळीखाली राहिलं, तर सगळ्यांचीच वजनं सारख्या किलोंनी वर नेतात. तुमच्या घोड्याचे ५३ चे ५६ झाले म्हणून घाबरू नका. इतरांचेही तीन वाढले आहेत. फायदा झाला तर बाहेर असलेल्यांनाच होतो, कारण त्यांचं खरं वजन किमान वजनाच्या जवळ येतं.

१८. वजन उतरवण्यासाठी जॉकी घाम काढतात. त्याचा घोड्याच्या कामगिरीशी संबंध आहे?

आहे. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के पाणी गेलं की ताकद आणि निर्णयशक्ती दोन्ही घसरतात. ५२ किलोच्या माणसाला ते एक किलोच झालं. म्हणजे घोड्याला वाचवलेला किलो जॉकीच्या हातापायांतून वसूल होतो. प्रश्न ८ मध्ये पाहिलेली जॉकीची बैठक हे स्वतःच दमवणारं काम आहे. इंग्लंडच्या रेसकोर्सवरचे सॉना २०२१ पासून कायमचे बंद झाले, ते योग्यच झालं. अर्धा-एक किलो जास्त जाहीर करून आलेला धडधाकट जॉकी पसंत करावा.

१९. जास्त वजनानं घोड्याचे पाय जातात का?

दौडीत पुढच्या एका पायावर क्षणभर अंगवजनाच्या सुमारे अडीचपट जोर येतो. पाठीवर एक किलो वाढला तर हा जोर त्याच ०.१८ टक्क्यानं वाढतो. कडक जमीन, वेग, आधीची दुखापत आणि दोन शर्यतींमधली विश्रांती यांचा वाटा याच्यापुढे फार मोठा आहे.

२०. मागच्या वेळी ५१ किलोवर तिसरा आलेला घोडा आज ६१ किलोवर आहे. सोडून द्यावा ना?

आधी वर्ग बघा. आपल्याकडे तिसऱ्या वर्गात ४० ते ६६ रेटिंगचे घोडे, चौथ्यात २० ते ४६. समजा दोन्ही शर्यतींत माथ्याच्या रेटिंगला ६२ किलो आहेत. ४४ रेटिंगचा घोडा तिसऱ्या वर्गात ६६ पेक्षा २२ गुणांनी खाली, म्हणजे ११ किलो कमी: ५१. तोच घोडा, तेच ४४ रेटिंग, चौथ्या वर्गात ४६ पेक्षा दोन गुणांनी खाली, म्हणजे एक किलो कमी: ६१. वजन दहा किलोंनी वाढलं आणि हँडिकॅपरच्या लेखी घोड्याचं काहीच बदललं नाही. फक्त समोरचे घोडे सरासरीनं वीस गुणांनी कच्चे झाले.

दहा किलोंचा शारीरिक भार खरा आहेच, आणि काही घोडे ५८-५९ च्या वर एकदाही नीट धावलेले नसतात. ते त्यांच्या जुन्या धावांत दिसतं. तो डाग नसेल तर वजनाचा रकाना सोडून रेटिंगचा रकाना बघा. मागच्या वेळचं ४४ आज ४४ च असेल तर घोडा जिथे होता तिथेच आहे. ४४ चे ४८ झाले असते तर तो चौथ्या वर्गात दिसलाच नसता. आणि ४४ चे ४० झाले असतील, तर हँडिकॅपरनं त्याला दोन किलो परत दिले आहेत, कार्डावर आकडा कितीही मोठा दिसो.